न्याहारी आणि मन : एका समजुतीची तपासणी

सकाळच्या शाळेत शिकवणाऱ्यांना एक अनुभव नवा नसतो. प्रार्थनेला उभे असताना एखादे मूल घेरी येऊन मटकन खाली बसते. पाणी पाजून, वाऱ्याला बसवून विचारले की कळते, सकाळपासून पोटात काहीच नाही. हे झाले डोळ्यांना दिसणारे. न दिसणारे याहून बरेच असते. तिसऱ्या तासाला उगाच चिडणारा मुलगा, क्षुल्लक कारणावरून रडू कोसळणारी मुलगी, फळ्याकडे पाहत असूनही मनाने तिथे नसलेले एखादे मूल. ‘उपाशी असेल’ असे आपण म्हणतो आणि बऱ्याचदा ते खरेही निघते.

पण रिकाम्या पोटाचा मनाशी नेमका संबंध काय? तो कोणी तपासला, कसा तपासला आणि त्यातून हाती काय लागले? आरोग्याच्या पुस्तकांत आणि भिंतीवरच्या तक्त्यांत ‘न्याहारी हे दिवसातले सर्वांत महत्त्वाचे खाणे’ हे वाक्य एखाद्या सिद्ध झालेल्या नियमासारखे छापलेले असते. या वाक्याचा माग काढत गेलो, तर आपण प्रयोगशाळेत पोहोचत नाही. पोहोचतो अमेरिकेतल्या एका आरोग्यधामात.

मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक या गावी सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे एक आरोग्यधाम होते. १८७६ मध्ये त्याची सूत्रे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांच्याकडे आली. हे गृहस्थ शल्यचिकित्सक म्हणून कुशल आणि आहाराच्या बाबतीत कमालीचे आग्रही होते. मांस, मसाले, चहा-कॉफी यांनी शरीर तर बिघडतेच, पण मनातले विकारही चाळवतात. याउलट साधे, मिळमिळीत धान्यान्न मनाला शांत ठेवते, अशी त्यांची पक्की धारणा होती. आपल्याकडे सात्त्विक-राजस आहाराची जी विभागणी आहे तिची आठवण व्हावी असाच हा विचार. पुराव्याच्या बाबतीतही दोन्हींची स्थिती सारखीच आहे, हे सांगायला हवे. रुग्णांना पचायला हलके असे काही देण्याच्या खटपटीत १८९४ मध्ये डॉ. केलॉग आणि त्यांचे धाकटे भाऊ विल यांना शिजवलेल्या गव्हाचे पातळ पापुद्रे करण्याची युक्ती सापडली. त्यातूनच पुढे मक्याचे पोहे आले आणि १९०६ मध्ये विल यांनी त्यांचा कारखाना काढला.

याच आरोग्यधामात १८९१ मध्ये सी. डब्ल्यू. पोस्ट नावाचे एक रुग्ण दाखल झाले होते. पुढे त्यांनी त्याच गावात स्वतःचा कारखाना काढला आणि ‘ग्रेप-नट्स’ नावाचे धान्यखाद्य बाजारात आणले. त्यात द्राक्षेही नव्हती आणि कवचाची फळेही नव्हती. पण ते मेंदूचे खाद्य आहे, त्याने बुद्धी तल्लख होते आणि नसा शांत होतात, अशा जाहिराती मात्र देशभर झळकल्या. म्हणजे न्याहारी आणि मन यांची जोडी प्रथम जमवली ती विक्रेत्यांनी. ‘सर्वांत महत्त्वाचे खाणे’ ही कल्पना १९१७ मध्ये ज्या मासिकात लेना कूपर या आहारतज्ज्ञ बाईंनी मांडली, त्याचे संपादकही डॉ. केलॉगच होते. पुढे १९२० च्या दशकात डुकराचे खारवलेले मांस विकणाऱ्या एका कंपनीसाठी एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धीतज्ज्ञांनी हजारो डॉक्टरांना पत्रे पाठवून विचारले, न्याहारी भरपेट असावी की हलकी? बहुतेकांनी ‘भरपेट’ म्हटले. वर्तमानपत्रांतून ते वैद्यकीय मत म्हणून छापून आले आणि कंपनीचा खप वाढला. डॉक्टरांनी आपले मत दिले होते. कोणी काही मोजले नव्हते. मत आणि मापन यांतला फरक मुलांना समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

मोजायला सुरुवात झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आयोवा विद्यापीठात. तिथल्या डब्ल्यू. डब्ल्यू. टटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्याहारी घेतल्यावर आणि न घेतल्यावर प्रतिसादाला लागणारा वेळ, हातांचा कंप, काम करण्याची ताकद वगैरे तपासले. १९५४ मध्ये त्यांनी शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. न्याहारी नसेल तेव्हा मुलांचे अभ्यासातले लक्ष आणि वृत्ती ढासळते, असे शिक्षकांच्या मतावरून त्यांनी म्हटले. ‘आयोवा अभ्यास’ म्हणून याचा पुढे फार गाजावाजा झाला. मात्र मुले मूठभर होती आणि कोणाला न्याहारी मिळाली नाही हे शाळेत लपून राहण्यासारखे नव्हते. खर्च न्याहारीची धान्ये बनवणाऱ्या कंपन्यांच्या संस्थेने केला होता. एवढ्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. पण आमच्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला असा अहवाल वाचताना पेन्सिल हातात घ्यावीशी वाटते.

याच सुमारास, न्याहारीचा विषयही न काढता, भूक आणि मन यांबद्दल कितीतरी अधिक सांगणारा एक प्रयोग झाला होता. युरोपात युद्ध संपत आले होते आणि उपासमारीने खंगलेल्या लाखो लोकांना पुन्हा खाते-पिते कसे करायचे, हा प्रश्न होता. मिनेसोटा विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये ३६ तरुण स्वयंसेवक गोळा केले. सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले हे तरुण होते. त्यांची राहण्याची सोय विद्यापीठाच्या क्रीडांगणाच्या प्रेक्षागृहाखालच्या खोल्यांत होती. पहिले १२ आठवडे त्यांना पोटभर जेवण दिले गेले. त्यानंतरचे २४ आठवडे आहार जवळजवळ निम्मा, म्हणजे दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी : बटाटे, सलगम, कोबी, पाव, मॅकरोनी. जेवणे दोनच, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. शिवाय आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे.

सहा महिन्यांत त्यांचे वजन सुमारे चौथाईने घटले. ते अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते मनातले बदल. थट्टामस्करी करणारे हे तरुण गप्प आणि एकलकोंडे झाले. मैत्रिणींना पत्रे लिहिणे थांबले. जेवणाला दोन मिनिटे उशीर झाला तरी भांडणे होऊ लागली. काहीजण ताटे चाटत, काहीजण एकेक घास तासभर चघळत. स्वप्ने अन्नाची, गप्पा अन्नाच्या. ज्यांनी कधी चूल पेटवली नव्हती ते पाककृतींची पुस्तके जमवून रात्री वाचत बसत. निराशा, अस्वस्थता आणि स्वतःच्या आजाराबद्दलची धास्ती हे सारे मानसशास्त्रीय चाचण्यांत स्पष्ट दिसले. एकाने तर लाकडे फोडताना आपली तीन बोटे तोडून घेतली. हे चुकून झाले की मुद्दाम, हे त्याला स्वतःलाही नंतर सांगता येईना. नियमित अन्न सुरू झाल्यावरही मने लगेच ताळ्यावर आली नाहीत. पुन्हा खाणे सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यांत काहींची उदासी उलट वाढली.

या प्रयोगातली एक गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. लक्ष लागत नाही, वाचलेले कळत नाही, अशी तक्रार बहुतेकांनी केली. पण बुद्धिमत्तेच्या ठराविक चाचण्यांत त्यांचे गुण फारसे घसरले नव्हते. बुद्धी जागेवर होती. तिला कामाला जुंपणारी इच्छा आणि उमेद गेली होती. कीज आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये हा सगळा तपशील दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केला. आज नैतिक कारणांनी असा प्रयोग करता येणार नाही.

अर्थात सहा महिन्यांची उपासमार आणि एका सकाळची चुकलेली न्याहारी यांत फार अंतर आहे. एका सकाळी शरीरात काय होते? मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण प्रौढ माणसाच्या विश्रांत अवस्थेतल्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के एकटा वापरतो. पाच वर्षांच्या आसपासच्या मुलात हे प्रमाण ६० टक्क्यांच्याही वर जाते. त्याचे नेहमीचे इंधन म्हणजे ग्लुकोज. रात्री आपण झोपलेलो असताना यकृत आपल्याजवळचा ग्लायकोजेनचा साठा फोडून रक्तात ग्लुकोज सोडत राहते. लहान मुलांचा हा साठा लहान आणि मेंदू मात्र तुलनेने मोठा. त्यामुळे त्यांचा साठा लवकर उतरतो. ग्लुकोज कमी पडू लागले की ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके पुढे सरसावतात. ती ग्लुकोज सावरतात, पण ॲड्रिनॅलिनबरोबर धडधड, कापरे, घाम आणि अस्वस्थताही येऊ शकते. भीती वाटल्यावर होते तेच हे. निरोगी, नीट खाणाऱ्या मुलात रात्रभराच्या उपासाने गोष्टी एवढ्या थराला सहसा जात नाहीत. ‘सहसा’ या शब्दावर जोर आहे, कारण पुढचा सगळा वाद त्यातूनच निघाला.

या दिशेने पहिला काटेकोर प्रयत्न एर्नेस्टो पॉलिट आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. चांगल्या खात्यापित्या घरांतल्या ९ ते ११ वर्षांच्या मुलांना त्यांनी रात्री संशोधनकेंद्रातच झोपवले, म्हणजे कोणी गुपचूप काही खाल्ले असा संशय नको. सकाळी एकदा न्याहारी देऊन आणि एकदा न देता चाचण्या घेतल्या. उपाशी असताना कोडी सोडवण्यात चुका वाढल्या, पण एका स्मरणचाचणीत तीच मुले उपाशीपोटी सरस ठरली! जाहिरातवाल्यांना न आवडणारा हा निकाल होता. त्याचा एक संभाव्य अर्थ असा, की थोडी भूक मुलाला सावध करते आणि सावधपणा काही कामांत उपयोगी पडतो, काहींत नडतो.

मग सगळ्या मुलांवर परिणाम सारखाच का असावा? हा प्रश्न जमैकात विचारला गेला. वेस्ट इंडीज विद्यापीठातले डोनाल्ड सिमियन आणि सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८९ मध्ये ९० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतली ३० मुले वयाच्या मानाने खुजी, ३० मुले तान्हेपणी तीव्र कुपोषणातून गेलेली आणि ३० मुले नीट वाढलेली होती. रात्री मुक्काम केंद्रात. सकाळी एका खेपेला न्याहारी आणि आठवड्याच्या अंतराने दुसऱ्या खेपेला फक्त गोड चहा. तोही साखरेचा नव्हे, ॲस्पार्टेमने गोड केलेला. म्हणजे गोडी होती, पण ऊर्जा जवळजवळ नाही. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच. निकाल असा लागला : खुज्या आणि पूर्वी कुपोषित असलेल्या मुलांची शब्द सुचण्याची आणि खुणा जुळवण्याची कामगिरी न्याहारीवाचून घसरली. नीट वाढलेल्या मुलांवर असा वाईट परिणाम दिसला नाही. अंकगणितात तर त्यांनी न्याहारीशिवाय थोडे अधिकच गुण मिळवले. एकाच उपासाचे दोन वेगवेगळ्या शरीरांत दोन वेगवेगळे अर्थ झाले. ज्याच्या घरात साठा आहे त्याला एका दिवसाची तूट जाणवत नाही, तसेच हे.

पण प्रयोगशाळा म्हणजे शाळा नव्हे. म्हणून त्याच विद्यापीठातल्या गटाने ग्रामीण जमैकातल्या १६ शाळांत ८१४ मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली आणि पूर्ण वर्षभर एका गटाला न्याहारी, दुसऱ्याला संत्र्याची चतकोर फोड दिली. फोड यासाठी, की दोन्ही गटांना सारखेच लक्ष आणि आपुलकी मिळावी. १९९८ मध्ये आलेले निष्कर्ष माफक होते. हजेरी, उंची आणि वजन यांत थोडी सुधारणा झाली, लहान वर्गांतली मुले अंकगणितात थोडी पुढे गेली. वाचन-लेखनात दोन्ही गट मागेच राहिले.

याच मालिकेतल्या १९९६ च्या एका छोट्या अभ्यासाकडे आमच्या मते हवे तेवढे लक्ष गेलेले नाही. सुसान चँग आणि सहकाऱ्यांनी चार शाळांत न्याहारीनंतर मुले वर्गात कशी वागतात याचे निरीक्षण केले. एका शाळेत सोयी बऱ्या होत्या. तिथे न्याहारी घेतलेली मुले कमी बोलली, कमी भटकली, कामाला लागली. उरलेल्या तीन शाळांत सोयी अपुऱ्या, वर्ग दाटीवाटीचे. तिथे न्याहारीनंतर मुलांच्या गप्पा आणि हालचाल वाढली! यात नवल काही नाही. अन्नाने ऊर्जा आली. ती खर्च करायला वर्गात काही काम होते का, यावर पुढचे अवलंबून. शांत बसलेले मूल हे शिकणारे मूलच असते असे नाही, हे शिक्षकांना ठाऊक आहे. ते कधी कधी फक्त भुकेने मलूल झालेले असते.

अमेरिकेत शाळेतल्या न्याहारीची सरकारी योजना १९६६ मध्ये चाचणीदाखल आणि १९७५ पासून कायमची सुरू झाली. मधल्या काळात, १९६९ मध्ये, ऑकलंड शहरात ब्लॅक पँथर संघटनेने चर्चच्या सभागृहात गरीब वस्तीतल्या मुलांना मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली होती आणि त्यातून सरकारवर दबाव आला, हेही नोंदवायला हवे. मनाच्या आरोग्याचा प्रश्न सरळ विचारला गेला तो १९९८ मध्ये. बोस्टनच्या मायकेल मर्फी आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया व बाल्टिमोरमधल्या शाळांत सर्वांना मोफत न्याहारी सुरू होण्यापूर्वी आणि नंतर मुलांची तपासणी केली. ज्या मुलांनी न्याहारी जास्त वेळा घ्यायला सुरुवात केली, त्यांच्यात उदासी, चिंता आणि अतिचंचलता ही लक्षणे इतरांपेक्षा अधिक कमी झाली. मात्र कोणी न्याहारी घ्यायची हे चिठ्ठ्यांनी नव्हे, मुलांनीच ठरवले होते. ज्या मुलाच्या घरची घडी बसू लागली तेच शाळेत वेळेवर पोहोचू लागले असेल, तर सुधारणेचे श्रेय न्याहारीचे की घरच्या घडीचे?

अशा अभ्यासांची पुढे रीघ लागली. नॉर्वेतल्या ऑस्लो शहरात दहावीच्या सात हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती घेऊन लार्स लिएन यांनी २००७ मध्ये दाखवले की क्वचित न्याहारी घेणाऱ्यांत मानसिक त्रासाचे प्रमाण अधिक आहे. स्पेनमध्ये २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातून असे दिसले की न्याहारी न घेणाऱ्या मुलांप्रमाणेच घराबाहेर न्याहारी घेणाऱ्या मुलांतही वागणुकीच्या अडचणी अधिक आढळतात. हा दुसरा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. अन्न तर दोघांच्याही पोटात गेले. मग फरक अन्नाचा की सकाळी घरात कोणीतरी शेजारी बसण्याचा?

सहसंबंध दिसला म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध झाला असे नव्हे, हे आपण मुलांना शिकवतो. इथे बाण उलट्या दिशेनेही जाऊ शकतो. नैराश्याच्या एका प्रकारात पहाटेच जाग येते, सकाळी मन सर्वाधिक जड असते आणि अन्नावरची वासना उडते. असा मुलगा न्याहारी टाळतो म्हणून उदास नसतो, उदास असतो म्हणून न्याहारी टाळतो. रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या मुलाला सकाळी भूकच नसते आणि अपुऱ्या झोपेने मन बिघडते ते वेगळेच. वजन कमी करण्याच्या ध्यासाने मुद्दाम उपाशी राहणाऱ्या किशोरवयीन मुली हा आणखी एक गट. या सगळ्यांना एकाच रकान्यात ‘न्याहारी न घेणारे’ म्हणून मोजले की संबंध दिसणारच. वेल्समध्ये १११ शाळांवर झालेल्या, चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेल्या चाचणीत (२०११) मोफत न्याहारीने मुले खातात काय ते थोडे सुधारले. न्याहारी चुकवण्याचे प्रमाण, स्मरणशक्ती आणि वर्गातली वागणूक यांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. तिथली बहुतेक मुले आधीपासूनच घरी खाऊन येत होती.

आपल्याकडची बहुतेक मुले वेल्सच्या मुलांसारखी आहेत की जमैकाच्या, हे भारतातल्या शिक्षकांना सांगायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील बालकांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. सिमियन आणि ग्रँथम-मॅकग्रेगर यांच्या ज्या गटाला न्याहारीवाचून फटका बसला, तोच हा गट. आपल्याकडे १९९५ मध्ये देशव्यापी शालेय आहार योजना आली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्यायचा आदेश दिला. पण ते दुपारचे जेवण. सकाळचे तास तसेच राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पौष्टिक न्याहारीनंतरचे तास अवघड विषयांसाठी विशेष फलदायी असतात असे म्हणून शाळेत न्याहारीची शिफारस झाली. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये १,५४५ सरकारी प्राथमिक शाळांत ती सुरू केली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातल्या सर्व सरकारी प्राथमिक शाळांपर्यंत नेली. उपमा, खिचडी, पोंगल आणि सोबत भाज्या घातलेले सांबार, असा साधा बेत.

महाराष्ट्रात दुसऱ्या बाजूने एक पाऊल पडले. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. कारण दिले होते मुलांच्या झोपेचे. पण पहाटे साडेपाचला अर्धवट झोपेत उठवलेल्या मुलाच्या घशाखाली पोह्याचा घास उतरत नाही, हे कोणत्याही आईला विचारावे. झोप झाली की भूक लागते आणि भूक लागली की मूल खाते. पाचवीपासून पुढच्या मुलांची सकाळची शाळा मात्र अनेक ठिकाणी सातलाच भरते आणि पहिली सुट्टी होईपर्यंत तीन तास निघून जातात. ही सुट्टी अर्ध्या तासाने अलीकडे घेणे हे कोणत्याही अनुदानाशिवाय, वेळापत्रकाच्या एका कागदावर होण्यासारखे काम आहे.